घुम्याचं बोट

कालवा मागे पडून टेकडीचा चढ लागला, तोवर घुम्या दोनच वाक्यं बोलला होता. "नवे बूट चावताहेत का?" हे एक, आणि "कुत्रं बांधलेलं आहे, चल" हे दुसरं. बाकी सगळं बोलणं ताईचं. गुडघ्याचं बोलून झालं, शेजारणीच्या सुनेचं झालं, जिन्यातल्या दिव्याचं झालं. आता जे बोलायला ती मुद्दाम आली होती तेवढंच उरलं होतं, आणि तेच नेमकं ओठावर येत नव्हतं.

घुम्या तिच्या अर्धं पाऊल पुढे चालत होता आणि चालता चालता विणत होता. लोकरीचा गुंडा जाकिटाच्या खिशात, सुया पोटाशी, नजर रस्त्यावर. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कपाटासारखा रुंद, आणि हातात वीतभर झालेला राखाडी मफलर. समोरून पळत येणारी माणसं आधी त्याच्या हातांकडे बघत, मग त्याच्या तोंडाकडे, आणि मग ताईकडे, जणू हिनंच त्याला कामाला जुंपलंय.

काठी टेकत उतरणारा एक म्हातारा तर थांबलाच. "काय विणताय हो?"

घुम्यानं तोंड उघडलं.

"मफलर," ताई म्हणाली. "बायकोला."

"वा! शिकले कुठे?"

"हॉस्पिटलात. बसल्या बसल्या."

म्हातारा मान डोलावत गेला. घुम्यानं तोंड मिटलं आणि पुढची ओळ धरली.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. घुम्या बोलायलाच उशिरा लागला होता, आणि लागला तेव्हा घरात त्याच्या वाटणीचं बोलून झालेलं असे. पाहुण्यांनी नाव विचारलं की ताई सांगायची. डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं की ताईच त्याच्या पोटावर हात ठेवायची, आणि बहुतेक वेळा बरोबर जागी. आईनं लाडानं घुम्या म्हटलं ते चिकटलं. पुढे लग्नाच्या वेळी मुलीच्या घरी जाऊन "आमच्या ह्याला तुमची मुलगी आवडलीये" हे सांगायलासुद्धा ताईच गेली होती. मुलीनं तेव्हा विचारलं होतं, "त्यांना आवडलीये की तुम्हाला?" ही मुलगी नर्स होती. लोक कुठे दुखतंय ते नीट सांगत नाहीत, याची तिला सवय होती.

बेस गिटारही त्याच्या गळ्यात ताईनंच घातली. ताईचा नवरा ऑर्केस्ट्रा चालवायचा. अकॉर्डियन वाजवायचा, गायचा, आणि सगळ्यांवर ओरडायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. एकदा ऐन हंगामात त्यांचा बेसवाला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली म्हणून निघून गेला. मास्तर डोकं धरून बसले. "माझा भाऊ वाजवेल की," ताई म्हणाली. भाऊ तेव्हा शेजारच्या खोलीत स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत होता. कॉलेजात असताना तो साधी गिटार वाजवायचा, एवढ्या भांडवलावर दुसऱ्या आठवड्यात त्याच्या हातात ती लांब मानेची, चार जाड तारांची गिटार आली. आणि मग ती राहिलीच. दिवसा वाद्यांच्या दुकानात लोकांच्या गिटारींना तारा चढवायच्या, संध्याकाळी हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये मास्तरांच्या मागे उभं राहायचं. लोक जेवत, चारदोन जोडपी उठून नाचत, बिलं येत, टेबलं पुसली जात, आणि कोपऱ्यात घुम्या भिंतीला पाठ लावून एकेक स्वर ठेवत राही. ठेवत राही असंच म्हणायला हवं. तो वाजवताना हलतसुद्धा नसे.

बेसची गंमत अशी की ती बंद पडल्याशिवाय ऐकूच येत नाही. आई पहिल्यांदा कार्यक्रमाला आली तेव्हा शेवटपर्यंत कानाला हात लावून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सगळं छान झालं गं. पण यात माझा मुलगा कुठे होता?" ताईनं ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं. मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. घुम्याही हसला. त्याला ते खरंच आवडलं असावं, कारण पुढे कित्येक दिवस दुकानात कुणी "काय वाजवता?" विचारलं की तो म्हणायचा, "आईला ऐकू येत नाही ते."

विणकामाचं मात्र त्याचं त्यानं केलं. तिथे ताई मध्ये नव्हती.

त्याची बायको वर्षानुवर्षं रात्रपाळीला. ती सकाळी घराकडे येई तेव्हा हा दुकानाकडे निघालेला असे. दोघांचे स्टॉप समोरासमोर. तिची बस आली आणि याची अजून यायची असली, तर रस्ता ओलांडून दोन शब्द. दोन्ही वेळेवर आल्या, तर खिडकीतून नुसता हात. सगळं शहर बस वेळेवर यावी म्हणून तळमळायचं, ही दोघं उशिरा यावी म्हणून. घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन कप असत. कप उपडा असला तर जेवण झालं, उताणा असला तर झालं नाही. एवढ्या कपांच्या भाषेवर त्यांनी एक मुलगी वाढवली, शिकवली आणि वसतिगृहात पाठवली.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी घुम्या पहाटेच हॉस्पिटलात जाऊन बसायचा, बायकोला आणायला. पण दुसरी नर्स कधी वेळेवर येत नसे, म्हणून बसून राहणं आलं. तिथे चादरी-अभ्रे सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या. खिडकीशी बसून त्या सतत विणत. काही दिवस त्यांनी या माणसाला नुसतंच बाकावर बसलेलं पाहिलं, आणि मग एक दिवस न विचारता त्याच्या हातात सुया दिल्या. "हात रिकामे ठेवून बसणाऱ्या माणसाची मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. सुलट, उलट, सुलट, उलट. घुम्याला ते लगेच जमलं, कारण मोजत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं हाच तर त्याचा धंदा होता.

मोजायची रीत मात्र त्याची स्वतःची. टाके तो आकड्यांनी मोजत नसे, गाण्यांनी मोजे. अमुक गाण्याचं कडवं म्हणजे पाठीची रुंदी, तमुक गाणं अख्खं म्हणजे बाही. मास्तरांसाठी स्वेटर केला तेव्हा त्यातच घोटाळा झाला. एक बाही त्यानं सरावातलं गाणं मनात धरून केली आणि दुसरी कार्यक्रमातलं. मास्तरांनी स्वेटर चढवला. डावा हात बरोबर मनगटाशी, उजव्या हाताची बोटं बाहेरच येईनात.

"हे काय रे?"

"कार्यक्रमात तुम्ही शेवटची ओळ जास्त घेता," घुम्या म्हणाला.

"लोक टाळ्या वाजवतात म्हणून घेतो!"

"हो ना. तेवढीच लांब झालीये."

मास्तरांनी तो स्वेटर कधी उसवू दिला नाही. उजवी बाही दुमडून घालत आणि कुणी विचारलं की सांगत, "या टाळ्या आहेत."

तर अशा या माणसाचं बोट दुखायला लागलं. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं. सकाळी वाकलं की वाकलेलंच राहायचं. मग दुसऱ्या हातानं ओढायचं, की कट्कन सरळ व्हायचं. तो आवाज ताईला ऐकवायचा नाही. घुम्या डॉक्टरांकडे जाऊन आला आणि मास्तरांना म्हणाला, "तारा बंद म्हणाले."

"आणि सुया?"

"सुयांना जोर लागत नाही."

मास्तरांनी तात्पुरतं निभावून नेलं. की-बोर्डवाल्यानं बेसचे स्वर डाव्या हातानं वाजवले. "डाव्या हातानं घास जातो, पण जेवल्यासारखं वाटतं का?" मास्तर घरी येऊन म्हणत. आता नवा हंगाम तोंडावर आला होता. काल रात्री त्यांनी ताईला सरळच सांगितलं, "उद्या त्याला विचारून ये. येतोय की नाही. नसेल येत तर दुसरा कुणी मी ठेवणार नाही. या वयात नव्या माणसाला माझ्या खोडी कोण शिकवणार? अकॉर्डियन पेटीत घालून कुलूप लावून टाकतो." हे म्हणताना त्यांनी वर बघितलं नाही, अकॉर्डियनचा पट्टा पुसत राहिले.

म्हणून ताई आज गुडघ्याला पट्टा बांधून आली होती. महिनाभर दोघांचं फिरणं तिच्या गुडघ्यापायी बंदच होतं. चढावर तिनं दम खायला म्हणून थांबून विचारलं, "बोट कसं आहे रे?"

"आहे."

"आहे म्हणजे? मला दिसतंय आहे ते. हे विचारत होते. हंगाम आला ना जवळ."

"हं."

"हं काय? हो की नाही?"

"वर जाऊन चहा घेऊ," घुम्या म्हणाला.

वर पाण्याच्या टाकीजवळ एक टपरी होती. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, दोन बाकं, आणि कपाळाला आठ्या असलेली पण मनानं बरी असलेली टपरीवाली. वारा चांगलाच गार होता. खाली शहर धुरकट पसरलेलं.

"ह्याला साखर दोन चमचे," ताई म्हणाली. "मला बिनसाखरेचा."

घुम्याच्या सुया थांबल्या. "शुगर निघाली का तुला?"

"माझी शुगर? काही निघाली नाही."

"मग?"

"मग काय, नकोशी झालीये."

"तुला?" घुम्या म्हणाला. "लहानपणी माझ्या कपातली तळाची साखर बोटानं चाटून खायचीस तू. तपासून घेतलीस का? ही म्हणाली असती मला. तिच्याच हॉस्पिटलात करू, उद्याच—"

एका दमात इतकं बोलणारा घुम्या तिनं क्वचितच पाहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. ताईला वाटलं, उगाच घोर लागायला नको याला. ती टाकीकडे बघत म्हणाली, "बरी आहे मी. नवस आहे."

"कसला?"

"असाच."

"ताई."

"तुझ्या बोटाचा, दुसरा कसला! देवाला म्हटलं, याचं बोट सरळ होईपर्यंत चहात साखर घालणार नाही. ह्यांनाही सांगितलेलं नाही. नवस असा सांगत फिरायचा नसतो, तू बोलायला लावलंस."

चहा आला. ताईनं एक घोट घेतला, आणि कितीही लपवलं तरी कडू औषध घेतल्यासारखं तोंड झालंच. घुम्या तिच्याकडे बघत होता. मग त्यानं विणकाम गुंडाळून बाकावर ठेवलं, डावा हात टेबलावर ठेवला, मूठ मिटली आणि उघडली. पुन्हा मिटली. पुन्हा उघडली. पाचही बोटं शहाण्या मुलांसारखी उठली.

"कट् आवाज नाही आला," ताई म्हणाली.

"गेला. इंजेक्शन दिलं त्यांनी. मग गेला."

"देवा!" ताईनं डोळे मिटून कपाळाला हात लावला. मनातल्या मनात दोनदा आभार मानले. मग एक डोळा उघडला. "कधी गेला?"

"झाले बरेच दिवस."

"म्हणजे तारा—"

"वाजवा म्हणाले."

"आणि तू आम्हाला सांगत राहिलास, बंद म्हणाले!"

"हो."

ताईनं कप टेबलावर आपटला. "अरे, आयुष्यात मोजून चार वाक्यं बोलतोस, त्यातलं एक खोटं! तिकडे हे झुरताहेत, पेटी पुसून पुसून झिजवली. मी रोज तो काढा पितेय. आणि देवाला काय तोंड दाखवू मी? बरं झालेल्या बोटासाठी त्याला रोज साकडं घालतेय! तो म्हणत असेल, बाई वेडी की बहिरी?" तिनं टपरीकडे मान वळवली. "अहो, साखर आणा इकडे. दोन चमचे. तीन आणा!"

टपरीवालीनं डबाच आणून ठेवला. ताईनं रागारागानं साखर ढवळली, एक घोट घेतला, आणि राग असतानाही तिच्या तोंडून समाधानाचा सुस्कारा निघाला. घुम्या हसला नाही.

"का पण?" तिनं विचारलं. "कंटाळा आला का? ह्यांचा? सांग तसं. मला येतो, तर तुला का येऊ नये?"

"नाही. कंटाळा नाही."

तो पुढे बोलेल म्हणून ती थांबली. तिला थांबणं जड गेलं.

"तिला दिवसपाळी मिळाली ना," घुम्या म्हणाला. "संध्याकाळी घरी असते आता. पहिल्यांदा. आणि मी हॉटेलात. मी येतो तेव्हा ती झोपलेली, तिला पहाटे उठायचं असतं. म्हणजे पुन्हा तेच. मग बोट दुखलं, आणि मी घरी राहिलो." त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "ताई, ती जेवताना गुणगुणते."

"कोण?"

"ही. मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही समोरासमोर बसून रोजचं असं कधी जेवलोच नाही ना. आमटी वाढते, गुणगुणते. पोळी मोडते, गुणगुणते. तिलाही माहीत नाही ती गुणगुणते ते."

"कुठलं गाणं?"

"ओळखू येत नाही. फार बेसूर आहे."

ताईला हसू फुटलं. मग त्यालाही. जरा वेळानं तो म्हणाला, "मी विणत बसतो, ती दिवसभरातलं सांगते. कोण आलं, कुणाला काय झालं. एखाद वेळी मीही सांगतो. दुकानातलं वगैरे. आधी वाटलं, बोट बरं होईपर्यंत. मग बोट बरं झालं. तरी सांगवेना मला."

वारा टपरीच्या पत्र्याशी खेळत होता. ताईच्या डोळ्यांसमोर मास्तर आले, कुलूप लावलेल्या पेटीशेजारी बसलेले, संध्याकाळी सात वाजता, घरात. तिची स्वतःची संध्याकाळ आठवली. मास्तर कार्यक्रमाला गेल्यावर घर कसं निवायचं; ती दिवा लावून देवापुढे बसायची, कुणी हाक मारायचं नाही. ती संध्याकाळही जाणार आता. घुम्याला घर मिळायचं तर तिच्या घरातली शांतता द्यावी लागणार होती, आणि मास्तरांचं तर सगळंच. देवाकडे मागताना माणूस बोट मागतो; त्या बोटाला काय काय बांधलेलं असतं, ते तोच जाणे.

"हे ऐकायचे नाहीत," ती म्हणाली. "म्हणतील, बायको काय पळून चाललीये का? म्हणतील, मी नाही का केला संसार ऑर्केस्ट्रा सांभाळून? तो मी केला, हे त्यांना कोण सांगणार! थांब. मी सांगते त्यांना. जेवण झालं की सांगते, पोटभर असले की ऐकतात. असं म्हणते, की बोट तसं बरं आहे पण परत उलटेल म्हणून... नको, खोटं नको. असं म्हणते, की वयानं माणसाला... किंवा तिचंच सांगते, की तिची तब्येत... नको, तेही खोटंच. मी म्हणते, अहो, त्याला आठवड्यातून दोन दिवस बोलवा, बाकी दिवस—"

"ताई."

"—बाकी दिवस तो की-बोर्डवाला आहेच. हे ऐकतील. मी बरोबर गळी उतरवते, तू नुसता—"

"ताई, एक मागू?"

ती थांबली. घुम्यानं आजवर तिच्याकडे काही मागितलेलं तिला आठवेना. त्यानं मागायच्या आत तीच देत आली होती.

"माग की."

"आज संध्याकाळी मी तुमच्याकडे येतो. भाऊजींना मीच सांगेन. बोटाचं पण आणि तिचं पण. खोटं बोललो ते पण. दोन दिवस येऊ की एकही नको, ते त्यांचं ते ठरवतील. तू तिथे बस. पण माझ्या वतीनं बोलू नको."

"आणि अडकलास तर?"

"अडकू दे. मी गप्प झालो म्हणजे माझं संपलेलं नसतं. तेवढं थांब. त्यांनाही थांबव. आणि चहा ठेवते म्हणून मध्येच आत जाऊ नको."